पारावरच्या मंडळींना खुलं पत्र: मिरग ठेवा, तारीख सोडा

प्रति,
मारुतीच्या पारावर बसणारी समस्त ज्येष्ठ मंडळी,
आबा, तात्या, मोठे अण्णा, आमचे दादा सुद्धा (दादा, घरात असलात तरी हे तुम्हाला पण आहे).

विषय: औंदाच्या पेरणीबद्दल, म्हणजे मिरग (मृग नक्षत्र) निघाला की त्याच दिवशी पेरायचं या आपल्या सवयीबद्दल.

रामराम.

खुलं पत्र लिहायची पाळी का आली तर पारावर येऊन बोलायला गेलो की माझं दुसरं वाक्य पुरं होत नाही. तात्या म्हणतात, तू जन्मला नव्हतास तवापासून मी चाड्यावर मूठ धरतोय. हे खरंच आहे, मग मी गप बसतो, चहा पितो आणि घरी येतो. हे तीन वर्षं चाललंय. म्हणून म्हणलं सरळ लिहून टाकावं, तुमची नातवंडं मोबाईलवर वाचून दाखवतील, आणि वाचताना मधी कुणी तोडणार नाही.

गेल्या सालचं आधी सांगतो, २०२५ चं. मे महिन्यातच आभाळ फाटलं होतं आठवतंय ना? मशागतीची कामं अर्धी राहिली, कुळवाची पाळी घालायला घात (कामाजोगी बेताची ओल) मिळेना, उन्हाळ्यात वड्याला पाणी. मान्सून केरळात २४ मेला आला आणि २६ तारखेला मुंबईत, मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती आजवर. रोहिणी लागून दोन दिवस झाले नाहीत तोवर टीव्हीवर मान्सून आला मान्सून आला सुरू. तुम्ही सगळे खूश, आम्ही पण खूश, कशाला खोटं बोलू. कृषी सहायक गावात येऊन सांगून गेला की हा पाऊस बघून पेरणीची घाई करू नका, पुढं उघडीप आहे. तो गाडीला किक मारून गेला आणि पारावर सगळे हसले, म्हणे हा पोरगा बँकेच्या परीक्षेत नापास झाला म्हणून शेतीखात्यात आला.

मग ८ जूनला, रविवार होता, मिरग निघाला. दादांनी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि सहा एकर सोयाबीन एका दिवसात पेरून मोकळे. मी म्हणलो थांबू, वर दोन बोटं माती कोरडी हाय. दादा म्हणले खाली ओल हाय की, आणि मिरगाचं पेरलेलं वाया जात नाही. आता रानात भांडत बसायचं नसतं, त्यात ट्रॅक्टरवाल्याला दुपारून दुसऱ्याकडं जायचं होतं. पेरलं.

आणि मान्सून जिथं होता तिथंच बसला. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत तो पुढं सरकलाच नाही, आमच्याकडं तर नुसतं ऊन आणि वारा. बाराव्या दिवशी मी खुरपं घेऊन तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, बसलो आणि एक हात लांबीचं तास उकरलं. सतरा दाणे निघाले. त्यातल्या चारला मोड होता तो पण वर यायचं सोडून वाकडा होऊन खालीच वाळलेला, बाकीचे फुगून टरफल सुटलेले, बोटात धरले की पीठ. वास यायला लागला होता, भिजवलेली डाळ दोन दिवस विसरल्यावर येतो तसा. ते दाणे मी रुमालात बांधून घरी आणले आणि दादांच्या पुढं ठेवले. दादा काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. तेव्हा मला बरं वाटलं नाही हे पण सांगतो, मला वाटलं होतं की बरं वाटंल.

सहातलं चार एकर मोडून परत पेरलं. बियाणं, खत, ट्रॅक्टर धरून एकरी साडेसात हजाराच्या घरात दुसऱ्यांदा खर्च, आणि दुसऱ्यांदा पेरताना दुकानात पाहिजे ते वाण मिळत नाही, मिळंल ते घ्यावं लागतं, उधारीवर असलं की भाव पण तो म्हणंल तो. वड्यापलीकडच्या मामांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकदाच पेरलं, त्यांचं तास न् तास उगवलं. तुम्ही म्हणाल शेवटी काय झालं, सप्टेंबरच्या पुरात मामांचं पण गेलं आणि आमचं पण गेलं. बरोबर आहे. त्या पावसापुढं कुणाचंच चाललं नाही, सीनाकाठची, मांजराकाठची गावं पाण्यात गेली, तिथं माझ्यासारख्यानं शहाणपण सांगायला जागा नाही. पण मामा एका पेरणीच्या कर्जात बुडाले, आम्ही दोन पेरण्यांच्या. त्या तीस हजाराचं व्याज मी अजून भरायलोय म्हणून हे पत्र.

आता मुद्द्यावर येतो, रागावू नका.

तुम्ही म्हणता पंचांग खोटं नाही. मी यंदा पंचांग घेऊन बसलो, थट्टा करायला नाही, खरंच समजून घ्यायला. नक्षत्राचं वाहन, म्हणजे त्या नक्षत्रात पाऊस कसा पडंल ते ज्या जनावरावरून सांगतात ते, कसं काढतात हे पारावरच्या किती जणांना माहीत आहे? मला पण नव्हतं. सूर्य ज्या दिवशी नक्षत्रात जातो त्या दिवशी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्याला नवानं भागायचं आणि बाकी बघायची. एक राहिला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, काहीच नाही राहिलं तर हत्ती. गेल्या साली ८ जूनला सकाळी सूर्य मृगात गेला तेव्हा चंद्र स्वातीत होता. मृग, आर्द्रा, पुनर्वसू करत बोटावर मोजा, स्वाती अकरावं येतं. अकराला नवानं भागलं, बाकी दोन. दोन म्हणजे कोल्हा.

झालं, एवढंच आहे ते. यात कुठं वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही. तिसरी-चौथीतल्या पोराला जमंल असा भागाकार. आणि हा कोल्हा सगळ्या महाराष्ट्राला एकच. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, साताऱ्यातल्या माणला पाचशेच्या आतबाहेर, दोन्हीकडं कोल्हा. गेल्या साली त्याच कोल्ह्यात १५-१६ जूनला कोकणात धो धो कोसळला आणि आपल्याकडं धूळ उडत होती.

आता आबा म्हणतील, कोल्हा म्हणजे पाऊस कमी, मग आपल्याकडं पंचांग खरं झालं की. झालं ना! मला तेच तर म्हणायचंय. कोल्हा म्हणजे पाऊस कमी हे माहीत असून आपण पेरलं. म्हणजे आपण पंचांगाचं पण ऐकलं नाही आणि हवामान खात्याचं पण ऐकलं नाही, आपण फक्त तारखेचं ऐकलं. मिरग निघाला की पेरायचं, बास. पुढचं सगळं नंतर जुळवलेलं असतं.

ही जुळवाजुळव आपली सगळ्यांचीच सवय आहे. २०२१ ला २७ सप्टेंबरला हस्त लागला आणि त्याच रात्रीपासून जो पडला तो मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची सोयाबीन वाहून गेली. अण्णा अजून सांगतात, हत्तीनं सोंड फिरवली (हस्ताला आपण हत्ती म्हणतो, वाहनातला हत्ती वेगळा). मी सांगतो, बंगालच्या उपसागरातलं गुलाब चक्रीवादळ जमिनीवर येऊन आपल्या डोक्यावरून गेलं. बरं, अण्णांचं २०२१ लक्षात राहिलं, पण २०१८ चा हस्त कुणाच्या लक्षात आहे? त्या साली सप्टेंबर कोरडा गेला, हत्ती आलाच नाही, आणि ऑक्टोबर संपता संपता सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ते वर्ष पारावर निघत नाही. खरं निघालेलं आपण नातवाला सांगतो आणि खोटं निघालेलं विसरून जातो, मी पण तसंच करतो, क्रिकेटच्या बाबतीत.

आणखी एक गोष्ट मला कळली ती ऐकून तुम्हाला नवल वाटंल, मला तर झोप लागली नाही. नक्षत्रं पण जागेवर नाहीत. पृथ्वी भवऱ्यासारखी डुलत असते, त्यामुळं ऋतू आणि नक्षत्रं एकमेकांपासून हळूहळू सरकत असतात, साधारण सत्तर-बहात्तर वर्षांला एक दिवस. एका जन्मात कळायचं नाही, पण शिवाजी महाराजांच्या काळापासून धरलं तर पाच दिवस झाले. आज ७-८ जूनला निघणारा मिरग तेव्हा ऋतूच्या हिशेबानं जूनच्या २-३ तारखेला निघायचा. हजार-दीड हजार वर्षं मागं गेलात तर तो मे महिन्यात जातो, उन्हाळ्यातच. म्हणजे ज्या कुणी पहिल्यांदा मिरगाची आणि पेरणीची सांगड घातली त्यानं आभाळाकडं बघून घातली असणार, त्याच्या काळात जे दिसलं ते त्यानं सांगितलं. तो माणूस आज असता तर त्यानं परत बघितलं असतं.

हवामान खात्यानं तरी काय केलं, तेच केलं. त्यांच्या पण तारखा जुन्या काळापासून चालत आलेल्या होत्या. २०२० ला त्यांनी सगळ्या तारखा परत तपासल्या, मुंबईत यायची तारीख १० जूनची ११ केली, एकच दिवस फरक. पण जायची तारीख? २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर केली. येणं तिथंच आणि जाणं नऊ दिवस पुढं. ही गोष्ट आपल्यासाठी पेरणीच्या तारखेपेक्षा मोठी आहे आणि पारावर तिच्यावर एक शब्द निघालेला मी ऐकला नाही. शंभर दिवसांचं सोयाबीन मिरगावर पेरलं तर सप्टेंबरच्या मध्याला काढणीला येतं, तेव्हा पाऊस जायचं नावच घेत नाही. शेंगा झाडावर असताना मोड येतात, कापून बनीम (गंजी) लावली तर बनीम खालून भिजते, ताडपत्री वरून झाकती, खालून कोण झाकणार. २०२० ला ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस आला तेव्हा किती जणांच्या बनमी वाहून गेल्या ते तुम्हीच सांगा.

तर मूळ प्रश्न असा की मिरगाची घाई मुळात कशासाठी होती. हे मला आजीनं सांगितलं होतं, तुम्ही कुणी नाही. मूग आणि उडीद. साठ-सत्तर दिवसांचं पीक, मिरगात पडलं की पोळ्याच्या आगंमागं हातात पैसा, त्याच रानात पुढं रब्बीची ज्वारी. त्या हिशोबात मिरग बरोबरच होता. आजसुद्धा कृषीवाले सांगतात की पेरणी लांबली तर मूग-उडीद नको. पण आपल्या शिवारात मूग राहिलाय कुठं? सगळीकडं सोयाबीन. आणि सोयाबीन आपल्याकडं आलंच मुळी तीसेक वर्षांपूर्वी, तात्या, ते तुमच्या डोळ्यासमोर आलं, पहिल्या साली याचं काय करायचं, खायचं का जाळायचं असं तुम्हीच विचारत होतात. मघा, पूर्वा, स्वातीच्या कितीतरी म्हणी तुमच्या तोंडात आहेत. पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती, ठीक आहे, रब्बीच्या ज्वारीसाठी खरंच आहे. पण मला सोयाबीनची एक म्हण सांगा. नाही ना? पीक बदललं तेव्हा एका सालात बदललंत, कुणाला विचारलं नाहीत, आडतीवर भाव दिसला आणि पेरलंत. तेव्हा बापजाद्याचं आडवं आलं नाही. मग तारीखच तेवढी बापजाद्याची का?

सोयाबीनचं बी नाजूक असतंय, साल पातळ. ज्वारीचं बी मातीत पडून वाट बघतं, हे बघत नाही. अर्धवट ओल मिळाली की फुगतं आणि मग पाणी नाही मिळालं की मेलं. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका असं सांगतात, आणि जुलैच्या मध्यापर्यंत पेरलं तरी चालतं असंही सांगतात. पाच आठवडे हातात आहेत! एवढी मुदत असताना आपण पहिल्या दिवशी का पळतो, शेजाऱ्यानं पेरलं म्हणून. खरं कारण हेच आहे, नक्षत्र वगैरे नंतर. शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरला की आपल्या पोटात गोळा येतो.

आता आमच्या पिढीचं पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगं एकतर्फी बोलायलंय. आम्ही पंचांग सोडलं आणि यूट्यूब धरलं, त्यात काय मोठं केलं? एकजण बांधावर उभा राहून सांगतो, अमुक तारखेपासून अमुक जिल्ह्यात मुसळधार, शेतकऱ्यांनो सावध. महिनाभर आधी तारखेसकट. महिन्यानंतरच्या मंगळवारी लातूर जिल्ह्यात पाऊस पडणार का हे जगात कुणालाच सांगता येत नाही, तो मात्र सांगतो, आणि आमच्या ग्रुपवर ते धडाधड फॉरवर्ड होतं, चुकलं तर परत त्याचाच नवा व्हिडिओ. पावसाचं भाकीत ऐकायला भेंडवळच्या घटमांडणीला जाऊन घागरीवरची पापड-करंजी हलली का बघणाऱ्याला आम्ही हसतो, आणि स्वतः सबस्क्राईब करून घंटा दाबतो. दोन्हीत मला तरी फार अंतर दिसत नाही, घटमांडणीत निदान पहाटे उठावं तरी लागतं.

हवामान खात्याचं पण मी देवासारखं ऐका म्हणत नाही. त्यांचा अंदाज जिल्ह्याचा असतो, तालुक्याचा असतो, आपल्या बांधाचा नसतो. 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलं की ते तुरळक ठिकाण शेजारचं गाव असतं, आपलं नसतं, हे नशीब. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला, तेवढा कोरडा जाईल हे त्यांनी पण आधी सांगितलं नव्हतं. पण चार-पाच दिवसांचं ते बऱ्यापैकी सांगतात, आणि चुकलं तर चुकलं म्हणून पुढचा अंदाज बदलतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मराठीत येतो, फुकट येतो. गेल्या साली जूनच्या पहिल्या आठवड्यात घाई करू नका हेच सांगणं होतं. आपण त्यावेळी नारळ आणायला गेलो होतो.

एक मधीच सांगून टाकतो, विजेचं. गेल्या पावसाळ्यात आभाळ भरून आलं तेव्हा आपल्या शिवारातली सहा माणसं चिंचेखाली जाऊन उभी राहिली आणि एकट्या पोराला बाहेर काढलं, का तर तो पायाळू, पायाळू माणसावर वीज पडते. तो बिचारा पळत जाऊन मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत बसला रडत. अहो, चिंचेखालच्या सहा जणांपेक्षा तोच बऱ्या जागी होता! वीज उंच झाडाकडं येते, जन्मताना पाय आधी आले का डोकं हे तिला कोण सांगणार. दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या संस्थेनं केलेलं, आजूबाजूला वीज पडायची शक्यता असली की आधी सांगतं. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये मी टाकून देतो, दहा मिनिटांचं काम आहे, मोबाईल घेऊन या. आणि त्या पोराला कुणीतरी सॉरी म्हणा.

असो. मी तुम्हाला अडाणी म्हणायलोय असं वाटून घेऊ नका. उलटं आहे. माझे आजोबा पेरायच्या आधी काय करायचे हे दादांनीच मला सांगितलंय. हातभर काठी घेऊन रानात चार ठिकाणी खुपसायचे, किती आत जाते बघायचे. माती मुठीत दाबून लाडू करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. फुटला तर घात आली, चिकटून राहिला तर अजून दोन दिवस थांबायचं, लाडू झालाच नाही तर घरी जायचं. आजी बियाण्यातलं मूठभर बी ओल्या धडप्यात बांधून चुलीच्या मागं ठेवायची आणि चौथ्या दिवशी मोड मोजायची. आता कृषी खातं शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सत्तर उगवले पाहिजेत असं सांगतं, तेच हे, धडप्याच्या जागी गोणपाट आलं एवढंच. म्हणजे आमच्या घरात सगळं होतं, काठी होती, लाडू होता, धडपा होता. आणि मिरगाची तारीख पण होती. मधल्या काळात कसं काय झालं माहीत नाही, बाकीचं सगळं सुटलं आणि नेमकी तारीख राहिली. ट्रॅक्टर आला म्हणून असंल, ट्रॅक्टरवाल्याला वेळ नसतो लाडू करत बसायला.

आजोबा मिरगाच्या दिवशी पेरायचे असं दादा सांगतात. पण मी खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं की १९७२ ला त्यांनी तिफण बाहेरच काढली नव्हती, पूर्ण मिरग, पूर्ण आर्द्रा. बी घरात ठेवलं, त्यातलं अर्धं पुढं खाल्लं. म्हणजे आजोबा पण तारखेचे गुलाम नव्हते. रान नाही म्हणलं तर ते ऐकायचे.

मिरगाची पूजा करा, कोण नको म्हणतंय. मी स्वतः नारळ आणीन. त्या दिवशीचं कोंबड्याचं कालवण तर मी कुठल्या विज्ञानासाठी सोडणार नाही. मिरगाचे लाल किडे दिसले की पोरांना घेऊन बघायला जाऊ. नारळ फोडायचा, यंत्राला हळदकुंकू लावायचं, आणि यंत्र परत शेडमध्ये लावायचं. पेरणी ज्या दिवशी घात येईल त्या दिवशी. एवढीच माझी मागणी आहे.

आणि एक काम आहे, त्यासाठी माणूस पाहिजे.

आपल्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक नऊ किलोमीटरवर आहे. तिथं ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, आपल्याकडं ढगफुटी झाली तरी कागदावर काही नाही, हे आपण तीनदा भोगलंय. सरकारी यंत्र गावात कधी येईल ते येईल. पण आपल्या रानात किती पडला हे आपल्याला तरी कळायला पाहिजे, नुसतं 'लई पडला', 'बरा पडला', 'शिंतोडा झाला' असं किती दिवस. म्हणून मी हजारभर रुपयाचं प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक आणलंय आणि मारुतीच्या देवळामागं, झाडाची सावली येत नाही अशा जागी, खांबावर बसवलंय. ज्यांना त्याच्यावर विश्वास नसंल त्यांनी सरळ बाजूचा पत्र्याचा डबा अंगणात मोकळ्यावर ठेवावा आणि पट्टीनं मोजावं, डबा लहान असो का मोठा, पाणी एक सेंटिमीटर चढलं तर दहा मिलिमीटर पाऊस. फक्त तळाला आणि तोंडाला सारखा पाहिजे, चरवी किंवा घागर चालणार नाही. आबांनी मला विचारलं होतं की मोठ्या डब्यात जास्त पडंल की, आबा, तोंड पण मोठं आहे ना त्याचं, पसरतं ते.

पेरणीचा हिशोब मग सोपा आहे. रोहिणीपासून रोजचा आकडा लिहायचा. चांगला सलग पाऊस होऊन बेरीज शंभराला गेली, काठी टिचभर ओलीत गेली, आणि मंगळवारच्या सल्ल्यात पुढं उघडीप दिसत नाही, की ट्रॅक्टरवाल्याला फोन. मेमधला अवकाळी यात धरायचा नाही, मधी आठ-दहा दिवस ऊन पडलं तर वरची ओल गेलेली असते, गेल्या साली आपण तिथंच फसलो.

मी हे एकट्यानं करू शकतो, पण मी सकाळी दूध घालायला जातो आणि परत यायला नऊ वाजतात. मोजायची वेळ साडेआठची, हवामान खातं देशभर साडेआठलाच मोजतं, रोज तीच वेळ पाहिजे नाहीतर आकड्याला अर्थ नाही. त्या वेळेला गावात रोज न चुकता एका जागी असणारी माणसं कोण आहेत याचा मी विचार केला, तर तुम्हीच आहात. पहाटे काकडआरतीपासून पारावर. आबांना चष्मा लागतो पण मोजपट्टीचे आकडे मोठे आहेत. तात्यांचं अक्षर चांगलं आहे, सोसायटीचं रजिस्टर वीस वर्षं त्यांनी लिहिलंय.

दोनशे पानी वही देवळात समईच्या कोनाड्यात ठेवलीय. तारीख, मिलिमीटर आणि शेरा अशा तीन रकान्यांच्या रेघा मारून दिल्यात. शेऱ्यात नक्षत्र आणि वाहन लिहिलं तरी चालंल, खरंच लिहा, दिवाळीला सगळे बसून बघू कुठला कोल्हा किती मिलिमीटर पडला ते. पेन दोऱ्यानं बांधलंय, तेवढं कुणी कानावर लावून घरी नेऊ नका.

आणि दादा, जूनमधल्या त्या दाण्यांचा रुमाल मी तुमच्यासमोर तसा ठेवायला नको होता.

तुमचाच,
वड्याकाठच्या रानातला